दंडाच्या सर्जरीचा टाका उघडलाय, काय करू?

दंडाची लोंबणारी कातडी काढायची सर्जरी करून १८ दिवस झाले, काल टीशर्ट काढताना बघितलं तर काखेजवळ टाक्यांची रेघ बोटाच्या पेराएवढी उघडलीये, आत लालसर ओलं दिसतंय, पिवळट पाणी येतं, दुखत फारसं नाही. परत टाके घालतील का?

— घाबरू नका, माझंही तिथेच उघडलं होतं, काखेत घाम आणि ताण दोन्ही ना. पण आजच सर्जनला फोटो पाठवा. माझे परत टाके नाही घातले, उघडलेली जखम परत शिवली तर आत जंतू अडकतात म्हणे, आतून भरू दिली. सलाईनने धुवून ओलसर गॉज, वरून कोरडं पॅड, रोज. पाच आठवडे लागले.

— हायड्रोजन पेरॉक्साईड अजिबात नको, नवीन पेशी मरतात. लालसर ओलं म्हणजे बहुतेक भरतंय. पण घाण वास, पू, ताप किंवा लाली पसरायला लागली तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

— सिगरेट ओढत असाल तर बंद करा, आणि हात डोक्यावर नेऊ नका, पुढून बटणाचे शर्ट घाला!

— थँक्स, फोटो पाठवला, उद्या बोलावलंय.