अनुभव धागा : ठाणे-नवी मुंबईतले आपले कलामहोत्सव, मांडवातून आणि विंगेतून पाहिलेले

नौपाडा

मंडळी, परवा आईकडे माळा आवरताना आमच्या गल्लीच्या मंडळाची १९८३ ची जमाखर्चाची वही सापडली. मांडव, लाऊडस्पीकर, लाईट गेली तर हाताशी असावी म्हणून आणलेल्या पेट्रोमॅक्सचं भाडं, चहा-पोहे, नाटकाच्या मेकअपवाल्याला दिलेले पैसे, सगळं बाबांच्या अक्षरात. आणि शेवटच्या पानावर लाल पेनने, 'सतरंज्या गेल्या १२, आल्या ११'.

ती ओळ वाचून मी माळ्यावरच बसून राहिलो. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये झालं, महापालिका १९८२ मध्ये आली, हे कुठेही वाचायला मिळतं. पण चाळीच्या चौकात बाकं जोडून, त्यावर फळ्या टाकून ज्यांनी स्टेज उभं केलं, आधी पोरांच्या कविता आणि मग मोठ्यांची एकांकिका बसवली, त्यांचं काही कुठे लिहिलेलं नाही. बाबा आता नाहीत, विचारायचं कुणाला? म्हणून हा धागा. गल्लीतला गणेशोत्सव असो की मोठा महोत्सव, तुम्ही तिथे काय केलंत, काय पाहिलंत ते लिहा. छोटं असलं तरी चालेल.

चरई (वय ७४)

लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा चांगलं नाटक बघायचं म्हणजे दादरला शिवाजी मंदिर. तिसरा अंक संपेपर्यंत बसायचं की लोकल गाठायची, ही धाकधूक कायम. ह्यांना सगळं सोडून चालेल पण शेवट सोडून चालायचं नाही, त्यामुळे दोनदा दादर स्टेशनवर बसून रात्र काढलीय. गडकरी झालं आणि पहिल्यांदा नाटक सुटल्यावर तलावपाळीवरून चालत घरी आलो, तो आनंद आजच्या मुलांना कसा समजावू!

साहित्य संमेलन ठाण्यात १९६० ला झालं, नंतर १९८८ ला आणि २०१० ला. त्यातलं १९८८ चं माझं. वसंत कानेटकर अध्यक्ष. मी स्वयंसेवक होते म्हणजे काय, तर जेवणाच्या मंडपात वाढत होते. विदर्भातल्या दोघी आमच्याकडे उतरल्या होत्या, दिवसभर मंडपात भाषणं ऐकायच्या आणि रात्री आमच्या स्वयंपाकघरात त्यावर अशा तावातावाने बोलायच्या की सासूबाई झोपायचं सोडून येऊन बसायच्या. अध्यक्षीय भाषण मला नीट ऐकता आलं नाही, पण त्या तीन रात्रींत खूप ऐकलं.

राम मारुती रोड

आमच्यासाठी दिवाळी पहाट हाच महोत्सव. कॉलेजात असताना पहाटे चारला उठून झब्बा घालून तलावपाळी. एवढी पोरं नटूनथटून एका जागी आणि वर नाट्यगीत चालू. माझी बायको मला तिथेच पहिल्यांदा दिसली.

कळवा

मी गाणं शिकत होते तेव्हाची गोष्ट. पंडित राम मराठे ठाण्याचेच, १९८९ मध्ये गेले, त्यांच्या नावाने महापालिका संगीत समारोह करते तो गडकरीत. आमच्या गुरुजींना एका गायकांनी तानपुऱ्याला दोन मुली मागितल्या आणि त्यातली एक मी. प्रेक्षकांना वाटतं की मागे बसून नुसत्या तारा छेडायच्या. पण ग्रीनरूममध्ये लावलेला तानपुरा स्टेजवरच्या एसीत आला की सूर हलतो, त्यात दिव्यांची उष्णता वेगळीच. पडदा उघडायला दोन मिनिटं असताना माझ्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारेखालचा जवारीचा दोरा, ज्याने तार घुमते तो, सरकला आणि तार एकदम मुकी झाली, हात थरथरायला लागले. तेव्हा साथीला बसलेल्या तबल्याच्या काकांनी काही न बोलता पुढे वाकून नखाने दोरा केसभर मागे घेतला आणि म्हणाले, "आता छेड बाळा." तार बोलली! पुढचा दीड तास मी श्वाससुद्धा बेताने घेतला. मी पुढे बँकेत लागले, गाणं मागे पडलं. पण हाताला तो दोरा अजून आठवतो.

मुलुंड, मूळची नौपाड्याची

धागा काढणारे दादा, तुमचं मंडळ म्हणजे विहिरीशेजारच्या चौकातलं का? असेल तर बारावी सतरंजी आमच्याकडे होती.

माझे वडील पेटी वाजवायचे. गणपतीतला कार्यक्रम चालू असताना असा पाऊस आला की मांडवाच्या ताडपत्रीला पोट सुटलं आणि एका कोपऱ्यातून धो धो पाणी आत. लोक पळाले, पण अण्णांचा जीव पेटीत. भात्यात पाणी गेलं असतं तर संपलंच. कुणीतरी पुढची सतरंजी ओढून पेटीला गुंडाळली आणि दोघांनी ती घरापर्यंत उचलून आणली. सतरंजी वाळवून परत द्यायची असं दोनतीन दिवस चाललं, मग अण्णांना टायफॉईड झाला आणि ते राहिलंच. पुढे कितीतरी वर्षं पेटी तिच्यातच गुंडाळलेली असायची. निळ्या-लाल पट्ट्या आणि एका कोपऱ्यात काळ्या रंगाने मंडळाचं नाव.

नौपाडा

ताई, विहिरीशेजारचंच. पेटी उचलणाऱ्या दोघांत माझे बाबा असतील का हो? उंच होते, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा सदरा. आई हे ऐकून खूप रडली. सतरंजी आहे तिथेच राहू दे, फक्त एकदा बघायला यायचंय. वहीत तेवढं लिहून ठेवतो.

पाचपाखाडी

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ ला सुरू झाली, मग ठाण्यातही कौपिनेश्वर मंदिराची. यात्रा सगळे बघतात, मी गावदेवी मैदानातल्या रांगोळीबद्दल लिहिते. मी त्यात गेले तेव्हा वय ४६ होतं, मुलं मोठी झालेली. पहिल्या वर्षी मला फक्त रंग कालवणं आणि चाळणं एवढंच काम दिलं. दुसऱ्या वर्षी चाळणीने रंग पसरायला मिळाला, आणि पाच बोटांतून एकदम पाच रेघा सोडायला तिसऱ्या वर्षी. अनवाणी, उकिडवं बसून, मागे मागे सरकत जायचं. एकदा दुपारी वारा सुटला आणि माझा केशरी उडून शेजारच्या पांढऱ्यावर पसरला. मला रडूच आलं. आमच्या मोठ्या ताई जुनी लग्नपत्रिका घेऊन आल्या, तिच्या कडेने एकेक कण उचलल्यासारखा केशरी काढला आणि वरून पांढऱ्याची चिमूट सोडली. अर्धा तास. मला एक शब्द बोलल्या नाहीत. आता माझ्या पर्समध्ये कायम एक पत्रिका असते.

वर्तकनगर

उपवनचा महोत्सव २०१४ ला सुरू झाला तेव्हा वाटलं हे मोठ्या लोकांचं असणार. मुलाला घेऊन गेलो तर एक कुंभारकाका चाक फिरवत होते, त्यांनी पोराचे हात मातीत धरले. वाकडी पणती झाली. अजून देवघरात आहे.

घणसोली

आमची आजी धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. सिडकोने जमिनी घेतल्या, गावाभोवती सेक्टर झाले, लग्नं हॉलमध्ये गेली आणि डीजे आला, तसं आजीला बोलावणं कमी कमी होत गेलं. मग एका आगरी-कोळी महोत्सवात तिला स्टेजवर गायला बोलावलं. आम्ही सगळे खूश, आजी अडून बसली, "तितं कुनाचं लगीन हाय? लगीन नाय तं धवला कसा गावाचा?" आयोजकांनी शाल दिली, खुर्ची दिली, माईक पुढे केला, आजी गप्प. खूप वेळ गेला, लोक चुळबुळ करायला लागले. मग ती खुर्चीतून उठली, खाली बसली, पाट मागितला, हळद आणि तांदूळ मागितले. जेवणाच्या स्टॉलवरून आणले. माझी आठ वर्षांची मुलगी पुढेच उभी होती, तिला पाटावर बसवलं, कपाळाला हळद लावली आणि डोळे मिटून सुरुवात केली. माईक खुर्चीच्या उंचीवर तसाच राहिला, भावाने तो हातात धरून आजीच्या तोंडाशी नेला.

माझ्या मोबाईलवर तेवढं रेकॉर्डिंग आहे. मध्येच ती थांबते आणि मुलीला म्हणते, "हलू नको गो, तांदूल सांडतील."