हेड बसवताना पिस्टन वर ठेवू नयेत: माझं मत, तुमचं काय?

जुनी_इंडिका (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात माझ्या १४०५ सीसी डिझेल इंडिकाचं हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्याखालची सील) गेलं. मी आणि ओळखीच्या एका मिस्त्रींनी घरासमोरच हेड उतरवलं. प्रथेप्रमाणे एक नंबरचा पिस्टन टॉपला (सर्वात वरच्या जागी) आणला, पुलीच्या खुणा जुळवल्या, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (वाल्व उघडणारा दांडा) जोडणारा बेल्ट काढला. हेड फेसिंग (तळ घासून सपाट करणं) आणि वाल्व ग्राइंडिंगला गेलं आणि कॅम बसवूनच परत आलं. मधे कुणीतरी तो कॅम फिरवला होता, हे आम्ही पाहिलं नाही. एक नंबरचा वाल्व उघडा आणि खाली पिस्टन टॉपला. बोल्ट आवळताना एका टोकाला हेड जरासं उचललेलं दिसत होतं. नवं गॅस्केट आहे, दबेल, असं समजून आवळत गेलो. त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन (हवेचा दाब) आलंच नाही. हेड पुन्हा उतरवलं तेव्हा वाल्व वाकलेला होता आणि पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा वण.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. कॅम हेडमध्ये असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बेल्ट काढल्यावर क्रँक उलटा ९० अंश फिरवावा, म्हणजे चारही पिस्टन मधे येतात. इंडिकाचा स्ट्रोक (पिस्टनचा माथ्यापासून तळापर्यंतचा प्रवास) ७९.५ मिमी आहे, म्हणजे प्रत्येक पिस्टन माथ्यापासून चाळीस मिमीहून जास्त खाली जातो. वाल्व जेमतेम आठ-दहा मिमी उघडतो, तो पिस्टनला गाठूच शकत नाही. हेड बसवा, कॅमची खूण जुळवा आणि मग क्रँक तेवढाच सुलट फिरवून टॉपला आणा.

गॅरेज_कोल्हापूर

असहमत. बावीस वर्षं हेच काम करतोय. टॉप ही एकच जागा अशी आहे की जिथे क्रँकवर खूण असते. ९० अंशाला बऱ्याच इंजिनांवर काहीच खूण नसते, अंदाजानेच फिरवावं लागतं. हाताखालची पोरं उलट-सुलट विसरतात, मग एक नंबर टॉपऐवजी तळाला येतो आणि टायमिंग (क्रँक आणि कॅमचा मेळ) शोधत संध्याकाळ होते. तुमचं नुकसान पिस्टनमुळे झालं नाही. हेड ठेवण्याआधी कॅमची खूण पाहिली नाही, म्हणून झालं.

दुसरं, पिस्टन मधे ठेवले की चारही सिलिंडरच्या विहिरी होतात. हेड उचलताना कूलंट सांडणारच, ते पिस्टनवर साचतं आणि रिंगांतून खाली ऑइलमध्ये उतरतं.

जुनी_इंडिका

खूण पाहिली नाही, ही चूक कबूल. पण खूण बरोबर असली तरी टॉपला धोका उरतोच. एक नंबर कॉम्प्रेशन टॉपला (दोन्ही वाल्व मिटून हवा दाबलेल्या स्थितीत माथ्यावर) असतो तेव्हा चार नंबरचा पिस्टनही माथ्यावर असतो, आणि तिथे एक्झॉस्ट मिटत नि इनटेक उघडत असतो. म्हणजे दोन्ही वाल्व किंचित बाहेर. हेड काही दरवेळी सरळ खाली येत नाही. दोन माणसांनी धरलेलं जड हेड एका कोपऱ्यानं आधी टेकतं. डिझेलमध्ये माथ्यावर जागा असते ती मिलिमीटरभर.

कूलंटचं म्हणाल तर रेडिएटरचा पाइप काढून भागत नाही, ब्लॉकला ड्रेन प्लग असेल तर तोही सोडावा. उरलेलं हेड उचलल्याबरोबर फडक्यानं टिपावं आणि काम झाल्यावर ऑइल बदलावं. ते तुमच्या पद्धतीतही करावंच लागतं, कारण टॉपला ठेवलं तरी दोन आणि तीन नंबर तळाला असतात.

नांगर_आणि_नोजल

तुम्ही दोघंही कॅम वर आहे असं धरून चाललाय. आमच्या ट्रॅक्टरमध्ये कॅम ब्लॉकमध्ये असतो, वर वाल्व दाबायला पुशरॉड (उभ्या काड्या) आणि रॉकर (आडवे दांडे). रॉकर काढले की सगळे वाल्व स्प्रिंगनं मिटलेले. मग पिस्टन कुठेही असो.

आमचा नियम वेगळा आहे: हेड उतरलं की क्रँकला हात लावायचा नाही. लायनर (पिस्टन ज्यात चालतात त्या नळ्या) ओले असतात, बाहेरून पाणी खेळतं, आणि त्यांना जागेवर दाबून धरतं ते हेडच. पिस्टन वर येताना लायनरला सोबत उचलतो, खालची रबरी रिंग सरकते आणि पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये. फिरवायचंच असेल तर आधी पट्टी आणि वॉशर लावून लायनर दाबून धरा. माझ्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरला कार्बन साफ करायला म्हणून क्रँक फिरवला होता. हेडचं काम अख्ख्या इंजिनाचं झालं, ऐन पेरणीत.

आठशेवाली

९० अंश तीन सिलिंडरला चालत नाही, हे सांगायला हवं. मारुती ८०० मध्ये क्रँकपिन (क्रँकवर पिस्टन जोडायच्या जागा) १२० अंशांवर असतात, तिन्ही पिस्टन एका पातळीत येतच नाहीत. टॉपपासून ६० अंश फिरवा: दोन पिस्टन माथ्यापासून ६० अंशांवर, तिसरा थेट तळाला. स्ट्रोक ७२ मिमी, म्हणजे वरचे दोघेही १८ मिमीहून जास्त खाली. तेवढं पुरतं. बाकी धागाकर्त्याशी सहमत.

आणि हो, कॅम बसवलेलं हेड टेबलावर पालथं ठेवू नका. उघडे वाल्व बाहेर डोकावत असतात, हेडचं सगळं वजन त्यांच्यावर येतं. दोन लाकडी ठोकळे पुरतात.

स्प्लेंडर_शिकाऊ

मी कोल्हापूरकरांच्या बाजूनं. स्प्लेंडरमध्ये फ्लायव्हीलची ‘टी’ खूण आणि कॅम स्प्रॉकेटची (कॅमवरच्या दातेरी चाकाची) खूण जुळवूनच खोलायचं. कॉम्प्रेशन टॉपला रॉकरवर ताण नसतो, स्प्रॉकेट सहज निघतं. नंतर पिस्टन खाली घ्यायला क्रँक फिरवला आणि चेन वर ओढून धरली नसेल, तर ती खाली गोळा होऊन अडकते.

जुनी_इंडिका

स्प्लेंडरचं पटलं. ट्रॅक्टरचंही, तो नियम मला माहीत नव्हता. बेल्टवाल्या चार सिलिंडर डिझेलबद्दल मात्र माझं मत तेच. खूण नसेल तर आपण करावी: टॉपला असताना पुलीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ९० अंशावर पिवळा.

गॅरेज_कोल्हापूर

ठिपक्याची कल्पना चांगली आहे, पोरांना सांगतो. पण माझ्याकडे पिस्टन टॉपलाच राहणार, कॅमची खूण दोघांनी पाहिल्याशिवाय हेड उचलायचं नाही, हा नियम सोबत.

एक गोष्ट कुणीच काढली नाही. हेड बसवण्याआधी ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकला चीर जाते. आमच्याकडे सिरिंजनं ओढून घेतात, मग फडकं गुंडाळलेली तार फिरवतात. नुसती हवा मारली तर डोळ्यांत उडतं, चष्मा घाला.