मोठ्या पडद्याचा टीव्ही आणि आपले घर : सोलापूरकरांनो, आपले अनुभव लिहा

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून 55 इंची घ्यावा की 65 इंची, हा प्रश्न माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत निघतो आहे. दुकानात लावलेली चित्रफीत त्या पडद्याचे गुण दाखवण्यासाठीच तयार केलेली असते. आपल्या घरी मात्र दुपारी बातम्या, संध्याकाळी मालिका, सुट्टीच्या दिवशी सामना आणि रात्री कधीतरी चित्रपट लागतो. मोठ्या टीव्हीची खरी परीक्षा त्याच्यावर दिसणाऱ्या सर्वांत साध्या कार्यक्रमावर आणि घरातल्या सर्वांत गैरसोयीच्या जागेवरून होते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विनंती अशी की किंमत आणि मॉडेल यांच्या तुलनेत न जाता खोली केवढी आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे, कोण कुठे बसते आणि रोज काय पाहिले जाते हे आधी लिहावे, मग टीव्हीविषयी लिहावे. सुरुवात मी करते.

जुळे सोलापूर, 55 इंची, बैठकीची खोली 10 बाय 14 फूट

आमचा सोफा पडद्यापासून साधारण साडेसात फुटांवर आहे. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद आणि 68 सेंटिमीटर उंच असतो, हे कागदावर वाचून काहीच कळत नाही. आम्ही घरातली चादर त्या मापाची घडी करून भिंतीवर धरली आणि सोफ्यावर बसून पाहिली, तेव्हा सासूबाईंनी लगेच होकार दिला. साडेसात फुटांवरून हा पडदा नजरेचा सुमारे 30 अंशांचा कोन व्यापतो, आणि रोजच्या पाहण्यासाठी तेवढा कोन सुखाचा आहे.

चित्राबाबत मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. साधी, म्हणजे एसडी वाहिनी 720 बाय 576 बिंदूंचे चित्र पाठवते आणि 4के पडद्यावर 3840 बाय 2160 बिंदू असतात, म्हणजे आलेल्या प्रत्येक बिंदूमागे टीव्हीला 20 बिंदू भरावे लागतात. त्यातले 19 त्याने अंदाजाने भरलेले असतात, आणि तो अंदाज किती चांगला आहे यावरच मालिकेतील चेहरे माणसांचे दिसतात की मेणाचे, हे ठरते. एचडी वाहिनीवर हेच प्रमाण एकास चार इतके खाली येते. आम्ही दुकानात आग्रहाने सेट टॉप बॉक्स जोडायला लावला, तीच मालिका आधी एसडी आणि मग एचडी वाहिनीवर पाहिली, आणि शेजारी ठेवलेल्या दोन टीव्हींतला जो एसडी चित्र कमी बिघडवत होता तो निवडला. 4के चित्रफितीत ते दोन्ही सारखेच सुंदर दिसत होते.

अक्कलकोट रस्ता, चादर-टॉवेलच्या कारखान्यात रंगाचे काम

दिवसभर धाग्याच्या छटा जुळवण्याचे माझे काम असल्यामुळे टीव्हीकडेही मी त्याच नजरेने पाहतो. माझा पहिला आग्रह असा की ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाची रंगसंगती लावलेली असताना कोणत्याही टीव्हीवर मत बनवू नये. त्या संगतीत लाल रंग इतका ताणला जातो की लाल साडीच्या निऱ्यांमधली सावली नाहीशी होते आणि साडीच्या जागी एकच सपाट लाल डाग उरतो. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जी संगती टीव्हीत असेल ती लावावी, आणि मग लग्नाच्या प्रसंगातली हळद, कुंकू आणि मोगऱ्याचा गजरा पाहावा. हळदीचा पिवळा लिंबासारखा हिरवट होता कामा नये, आणि गजऱ्याच्या पांढऱ्यात पाकळ्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

पांढऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर तयार होतात त्याचे प्रमाण साधारण 6500 केल्व्हिन (पांढरा किती निळसर किंवा पिवळसर हे सांगणारे एकक) आहे, आणि टीव्हीतील ‘वॉर्म’ हा पर्याय सहसा त्याच्या सर्वांत जवळ जातो. बहुतेक टीव्ही कारखान्यातून निळसर पांढरा लावूनच येतात, त्यामुळे ‘वॉर्म’ केल्याबरोबर घरातले सगळे ‘पिवळे दिसते’ म्हणून तक्रार करतात. आमच्याकडेही तक्रार झाली. पण आमच्या खोलीतल्या एलईडी ट्यूबचा प्रकाशही 6500 केल्व्हिनचाच आहे, आणि काही संध्याकाळी डोळ्यांना सवय झाल्यावर जुना निळसर पांढराच परका वाटू लागला. कारखान्यात आम्ही कोणतीही छटा एका नजरेत मंजूर करत नाही, आणि टीव्हीच्या पांढऱ्यालाही तेवढा वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते.

भवानी पेठ, एकत्र कुटुंब, 55 इंची

आमच्या घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही वाहिन्या चालतात. आई-वडील दिवाणावर, आम्ही भाऊ खुर्च्यांवर आणि मुले खाली चटईवर, अशी बैठक असते. समोर बरोबर मध्यभागी बसणारे क्वचितच कोणी असते. व्हीए प्रकारच्या पॅनलमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्यात, काळा रंग गडद येतो, कारण त्याचा काळ्या-पांढऱ्यातला फरक 3000 पट किंवा त्याहून अधिक असतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. आयपीएस पॅनलमध्ये तो फरक 1000 पटींच्या आसपास असतो, पण कडेला बसलेल्यालाही चेहरा बराचसा तसाच दिसतो. माझ्या भावाने दुकानात चक्क जमिनीवर बसून आणि नंतर अगदी डाव्या टोकाला उभे राहून दोन्ही पाहिले. आम्ही आयपीएस घेतला. रात्रीच्या अंधाऱ्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो हे खरे आहे, पण आमच्या घरात दिवे बंद करून कोणी टीव्ही पाहत नाही.

आवाजाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांपर्यंत जातो, खोलीत कूलर पूर्ण वेगाने चालू असतो आणि त्याच्या घरघरीत संवाद बुडतात. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात आणि ताकद दोन्ही मिळून 20 वॅटच्या आसपास असते. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढते, पण शब्द कळत नाहीत. वडिलांना थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे आम्ही टीव्हीच्या ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेल्या जागेतून साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, जोडला आणि त्यातील संवाद स्पष्ट करणारी सोय चालू ठेवली. सोलापुरात मोठा टीव्ही घेणाऱ्याने त्याचा आवाज कूलर चालू असताना ऐकावा. हिवाळ्यात घेतला तर निदान पंखा पूर्ण वेगाने लावून ऐकावा.

होटगी रस्ता, निवृत्त शिक्षिका, पश्चिमेची मोठी खिडकी

माझ्याकडे दुपारी दोननंतर खिडकीतून थेट ऊन येते आणि सकाळपासून बातम्यांची वाहिनी चालू असते. ओएलईडीचा काळा मी मुलाच्या घरी पाहिला आहे आणि त्याला तोड नाही, कारण त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. परंतु बातम्यांच्या वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर ओएलईडीवर त्यांची कायमची छाप उरण्याचा धोका असतो. शिवाय भर दुपारी उजेडाने भरलेल्या खोलीत त्या काळ्याचा लाभ फारसा मिळत नाही. मी एलईडी घेतला, आणि घेण्यापूर्वी बंद टीव्हीसमोर उभी राहून त्याच्या काचेत दुकानातले दिवे किती स्पष्ट उमटतात ते पाहिले. ज्या पडद्यात दिव्याची कड तीक्ष्ण दिसत होती तो बाजूला ठेवला.

पार्क चौक, क्रिकेटसाठी 65 इंची

सामना पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, चौकार जात असताना कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकतो तेव्हा पडद्यावर उभे काळपट पट्टे किंवा मळल्यासारखे डाग स्थिर दिसतात का. पडद्यामागचा प्रकाश सारखा पसरलेला नसला की हे डाग उठतात आणि ते कोणत्याही सेटिंगने जात नाहीत. त्यामुळे घरी खोके उघडल्यावर बसवणारा माणूस समोर असतानाच हिरवे आणि राखाडी सपाट चित्र लावून पाहावे.

दुसरी गोष्ट हालचालीची. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचा असतो, आपल्याकडील प्रक्षेपण सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे 50 हर्ट्‌झच्या पद्धतीचे असते, आणि टीव्ही मधली चित्रे स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतो. सामन्यासाठी ही सोय कमी प्रमाणात ठेवली तर चेंडूमागची शेपटी कमी होते. जास्त ठेवली तर बॅटभोवती पाण्यासारखी लहर दिसते. चित्रपटासाठी ती पूर्ण बंद ठेवावी, नाहीतर मोठ्या खर्चाने केलेला चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. 120 हर्ट्‌झच्या पॅनलचा उपयोग इथे होतो, कारण 24 ने 120 ला नि:शेष भाग जातो आणि प्रत्येक चित्र सारखाच वेळ पडद्यावर राहते. 60 हर्ट्‌झवर ते एकदा दोन आणि एकदा तीन वेळा दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथ सरकताना तो हिसका माझ्या डोळ्यांना जाणवतो. पत्नीला जाणवत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे द्यायचे की नाही हे ज्याने त्याने स्वतः पाहून ठरवावे.

जुन्या वाड्यात राहणारे, शुक्रवार पेठ

आमच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत. टीव्ही टांगणाऱ्याने सांध्यातल्या चुन्यात खुंटी ठोकू नये, दगडातच भोक पाडावे, एवढेच सांगायचे आहे. जाड भिंतींमुळे पलीकडच्या खोलीतले वायफायही नीट पोचत नाही, म्हणून टीव्हीपर्यंत केबल ओढली. 4के कार्यक्रमाला सेकंदाला 15 ते 25 मेगाबिट वेग सलग लागतो आणि तो नसेल तर चित्र आपोआप खालच्या प्रतीवर येते.

शेळगीहून प्रश्न : आमची खोली 9 फूट खोल आहे, भिंतीला टांगायचा नाही, कपाटावर ठेवायचा आहे. 65 इंची बसेल का?

जुळे सोलापूर : ताई, पाठ भिंतीला टेकवून बसलात तरी डोळे आणि पडदा यांत साधारण सात फूट उरतील. सामना आणि चित्रपट छान दिसतील, पण एसडी वाहिन्यांचे दोष त्या अंतरावरून ठळक होतील, त्यामुळे आई-बाबा कोणत्या वाहिन्या पाहतात ते आधी विचारा. दुसरे, 65 इंची टीव्ही सुमारे 144 सेंटिमीटर रुंद असतो आणि अनेक मॉडेलांचे पाय अगदी दोन टोकांना असतात. चार फुटी कपाटावर ते मावत नाहीत, म्हणून दोन पायांमधले अंतर दुकानात टेपने मोजून घ्या.