पदवीनंतर शहरी गरिबी समजून घेण्यासाठी कुठे जावे?

प्रश्न (फोंडा):
यंदा पदवी पूर्ण झाली असून, पुढील शिक्षणाआधी काही महिने मुंबईतील धारावीत स्वयंसेवक म्हणून काम करावे, असा माझा विचार आहे. जाण्यापूर्वी काय तयारी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वास्को):
जरूर जा. मात्र धारावी म्हणजे निव्वळ हलाखी, अशी समजूत धरून जाऊ नका. कुंभारवाड्यातील भट्ट्या, चामड्याचे कारखाने आणि भंगारातले प्लास्टिक रंगांनुसार निवडणारे हात पाहिले, की तिथली गरिबी बेकारीपेक्षा तुटपुंज्या मजुरीची आणि अपुऱ्या जागेची आहे, हे ध्यानात येते. त्याआधी आपल्या गोव्यातल्या झुआरीनगरच्या किंवा मडगावच्या मोतीडोंगरावरच्या गरीब वस्तीत जाऊन या. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे, पण उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या मजुरांचे जिणे आपल्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिले आहे?

उत्तर (मडगाव):
सहमत. पंधरवडाभर शिकवून निघून जाणाऱ्यांचा मुलांना फारसा उपयोग होत नाही, उलट लागलेला लळा तुटतो. म्हणून कागदपत्रांचे काम हाती घ्या. गावाकडच्या रेशनकार्डावर आता दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते, परंतु आधार जोडलेले नसेल किंवा सिमेंटने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने घेतला नाही, तर दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहिलेला गवंडी रिकामी पिशवी घेऊन परततो. अशा माणसासोबत दुकानात थांबा, अर्ज भरून द्या. आणि विचारल्याशिवाय कोणाच्या घराचे फोटो काढू नका.