बिजागरीपाशी 'कट्' आवाज आणि बारीक फट: लॅपटॉप वापरत राहू का?

प्रश्न
लॅपटॉप उघडताना डाव्या बिजागरीपाशी 'कट्' असा आवाज येतो आणि तिथेच खालच्या बॉडीला बारीक फट दिसते. स्क्रीन नीट चालते. असाच वापरला तर चालेल का? रोज ने-आण करावी लागते, तर उचलताना आणि बॅगेत ठेवताना काय सांभाळू?

प्रतिसाद १
फट दिसतेय ना, मग उघडझाप आजच थांबवा. बिजागरी धातूची असते, पण तिचे स्क्रू बऱ्याच मॉडेल्समध्ये प्लास्टिकात रोवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूला येतो आणि हळूहळू नट प्लास्टिकसकट उखडतो. तुमचा आवाज बहुधा त्याचाच आहे. स्क्रीनची केबल बिजागरीजवळूनच जाते. ती चिमटली की स्क्रीन लुकलुकायला लागते, नाहीतर काळी पडते.

आत्ता दाखवलंत तर स्क्रू कसून किंवा नट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) पुन्हा बसवून भागू शकतं. बिजागरी फार घट्ट झाली असेल तर तीही थोडी सैल करून घ्या, नाहीतर नट परत निघेल. फटीत इन्स्टंट ग्लू मात्र अजिबात सोडू नका. तो पातळ असतो, बिजागरीत ओघळून तिलाच जाम करतो. दुरुस्तीपर्यंत लॅपटॉप टेबलावर असताना झाकण एका कोनात उघडं राहू द्या. पुढे उघडताना वरच्या कडेच्या मधोमध धरा.

प्रतिसाद २
उचलण्याबद्दल: स्क्रीनला किंवा एका कोपऱ्याला धरून कधीच नाही. झाकण मिटायचं, दोन्ही हात खाली घालायचे. एका कोपऱ्याने उचलला की बॉडी वाकते आणि आतला मदरबोर्डही. त्याआधी चार्जर आणि पेनड्राइव्ह काढा. चार्जरची पिन अडकून हिसका बसला तर चार्जिंग सॉकेट खिळखिळं होतं, आणि काही मॉडेल्समध्ये ते थेट बोर्डावर डाग दिलेलं असतं.

झाकण मिटण्याआधी कीबोर्डवरून एक नजर फिरवा. विसरलेलं पेन किंवा इअरफोन स्क्रीन फोडायला पुरेसा असतो. कॅमेऱ्यावर जाड सरकतं झाकण चिकटवलं असेल तर तेही काढा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, दुरुस्तीला देतो. बॅगेत स्लीव्ह आहे, तेवढं पुरे का?

प्रतिसाद ३
ओरखड्यांपुरतं पुरे. दाबापासून नाही. चार्जरचा ठोकळा वेगळ्या कप्प्यात ठेवा, झाकणाला टेकता कामा नये. बॅग ठासून भरली की स्क्रीन कीबोर्डवर दाबली जाते आणि बटणांचे ठसे उमटतात. बॅगेचा तळही चाचपून बघा. तिथे पॅडिंग नसेल तर बॅग जमिनीवर टेकवताना दणका थेट लॅपटॉपच्या कडेला बसतो.

आणि बॅगेत टाकण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून बंद) करा. स्लीपमधला लॅपटॉप अपडेटसाठी आपोआप जागा होऊ शकतो, मग बंद बॅगेत उष्णता कोंडते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू असताना हलवूच नका. एसएसडीला (फिरता भाग नसलेली डिस्क) तो धोका नाही.

प्रतिसाद १
एक राहिलं. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं की बॅटरी फुगलीय का तेही बघायला सांगा. फुगलेली बॅटरीसुद्धा बॉडी फाकवते. टचपॅड वर आला असेल किंवा दाबायला कडक झाला असेल तर शंका तिचीच. तसं असेल तर चार्जिंग लगेच बंद करा आणि फट दाबून बसवायला जाऊ नका.