पथ्याच्या कागदावर नुसतं 'भात 60 ग्रॅम' लिहू नये

शहापूरची सून

आमच्या घरात गेल्या आठवड्यात घडलं ते आधी सांगते. सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या मामांचं, वय 71, साखरेच्या गोळ्या चालू. दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळाला. त्यावर 'दुपारी भात 60 ग्रॅम, रात्री भाकरी एक'. मी नवा वजनकाटा आणला आणि शिजलेला भात 60 ग्रॅम मोजून वाढला. ताटात जेमतेम तीन-चार घास. मामा काही बोलले नाहीत, आमटी पिऊन उठले. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांचे हात थरथरायला लागले, घामानं बनियन भिजला. घरच्या मशीनवर साखर 62. 70 च्या खाली गेली की ती कमी धरतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, 88. तोवर माझेच पाय गळाले होते.

फोन केल्यावर कळलं की 60 ग्रॅम म्हणजे कच्चे तांदूळ. शिजून तेच 160 ग्रॅमच्या आसपास जातात. म्हणजे मी त्यांना सुमारे 22 ग्रॅम तांदळावर ठेवलं होतं आणि गोळी मात्र पूर्ण देत होते.

तेव्हा माझं मत ठाम आहे. मोजायचे ते तांदूळ, भात नव्हे. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी आणि 78 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. शिजताना आत शिरतं ते पाणी. वजन अडीच-तीन पट होतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. म्हणून शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130 कॅलरी. पाणी रोज कमीजास्त पडतं, तांदूळ मात्र डब्यात असतो तोच.

आणि आपल्या बोलण्यातही घोळ आहे. शेजारच्या कन्नड अक्कांकडं तीन शब्द आहेत: शेतात भत्त, डब्यात अक्की, ताटात अन्न. 'अक्की 60 ग्रॅम' म्हटलं असतं तर त्यांनी डब्यातलीच मोजली असती. आपण शेतातल्यालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही.

निपाणीचा

ताई, मामा बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. चूक कागदाची झाली, शिक्षा शिजलेल्या भाताला कशाला?

आमच्या घरी नऊ माणसं. तांदूळ एकाच डब्यात धुतले जातात, कुकर एकदाच लागतो. त्यात माझे कच्चे 60 ग्रॅम कुठं शोधू? माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवायला मी आईला सांगणार नाही, तिचे गुडघे आधीच दुखतात. मी एक स्टीलची वाटी ठरवली आहे, 150 मिलीची. सपाट भरली की काट्यावर 110 ग्रॅम भात येतो, म्हणजे 140-145 कॅलरी. दुपारी एक, रात्री एक. बाकी पोट उसळ आणि पालेभाजीनं भरतो. रोजचं चालणंही आहेच, पण आठ महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 8.4 वरून 7.1 वर आलं. माणूस जेवतो ते ताटातलं. मापही ताटाजवळच हवं.

जांबोटीकडचा शेतकरी

शब्दांचा घोळ नाही ओ ताई. आमच्याकडं शेतात असतं 'ते भात' आणि ताटात असतो 'तो भात'. क्विंटलभर ते भात गिरणीत घातलं की 65 किलोच्या आसपास तांदूळ हातात येतो. जुन्या माणसांना यात कधी गोंधळ झाला नाही.

निपाणीच्या भावाला एक विचारतो. वाटीत कुठला भात भरता? नवा इंटाण शिजवा, चिकट होतो, पाणी कमी लागतं, वाटीत दाबून बसतो. तोच तांदूळ वर्षभर जुना झाला की पाणी जास्त पितो, फुलतो, दाणा दाण्याला लागत नाही. वाटी तीच, पण आतला तांदूळ वेगळा. इंद्रायणीची वाटी आणि जुन्या बेळगावी बासमतीची वाटी एक कशी धरता?

आमची आई चिपट्यानं तांदूळ काढायची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पाहुणा आला तर वर एक कोळवं, म्हणजे अर्धं चिपटं. ते माप कच्च्याचंच होतं, पण ते घराला होतं, माणसाला नव्हतं. लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेल्या बाईला आणि दुकानात खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकच ग्रॅम सांगणारा कागद मला मान्य नाही, मग तो कच्च्याचा असो की शिजलेल्याचा.

निपाणीचा

काका, वाटीचा मुद्दा बरोबर आहे. आम्ही वर्षभर एकाच दुकानातली सोना मसुरी आणतो म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग उपाय काय? वेगळा कुकर हे उत्तर नव्हे.

टिळकवाडीहून, आहाराचं काम करते

वेगळा कुकर नको. कुकरच्या रिकाम्या डब्याचं वजन एकदा करून त्यावर मार्करनं लिहून ठेवा. समजा 400 ग्रॅम. नऊ जणांचे मिळून कच्चे 450 ग्रॅम तांदूळ घातले. शिजल्यावर डबा 1,615 भरला. डबा वजा केला, भात 1,215. त्याला 450 नं भागलं की 2.7. आता ज्याला कच्चे 60 सांगितलेत त्यानं भात 162 ग्रॅम घ्यायचा. पोतं बदललं किंवा पाण्याचं माप बदललं की पुन्हा एकदा करायचं. रोज नाही.

पेज काढून टाकणाऱ्या घरांनी हे जरूर करावं. त्यांचा आकडा कुकरच्या भातापेक्षा वेगळा येतो, थोडं पिष्टही पेजेबरोबर जातं.

मोबाईलमधल्या कॅलरीच्या अ‍ॅपबद्दलही सांगते. नुसतं 'राइस' शोधलं की कच्चा आणि शिजलेला दोन्ही समोर येतात. 200 ग्रॅम भात खाऊन कच्च्याच्या ओळीवर बोट लावलं तर 260 च्या जागी 700 कॅलरी दिसतात, आणि माणूस घाबरून रात्री उपाशी झोपतो. असे लोक माझ्याकडं येतात.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात एकदम निम्म्यावर आणण्याआधी डॉक्टरांना विचाराच. शहापूरच्या वहिनींच्या घरी तेच झालं.

खानापूर, बीपीएल कार्ड

सगळं वाचलं. मला एकच आकडा मांडायचा आहे. कर्नाटकाच्या अन्नभाग्य योजनेत रेशनवर महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ. 2023 ला आणखी 5 द्यायचं ठरलं, तांदूळ मिळेना म्हणून किलोला 34 रुपये खात्यावर आले. 10 किलो धरले तर दिवसाला माणशी 333 ग्रॅम कच्चे तांदूळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2,000 कॅलरीच्या ताटाला सगळी धान्यं मिळून कच्ची 250 ग्रॅम सांगितली आहेत. भात, भाकरी, चपाती, सगळं त्यात आलं. त्याच ताटात भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 आणि डाळी वगैरे 85 आहेत.

भात कमी करा म्हणणं सोपं आहे. कमी केलेल्या जागी ताटात काय यायचं? माझी आई दोन घरी धुणंभांडी करते, तिला साखर आहे, तिच्या ताटात भात आणि पातळ आमटी. मी काट्यावर मोजून तिचा भात निम्मा केला तर ती उपाशी राहील, निरोगी होणार नाही. कच्चं की शिजलेलं हा वाद डाळ परवडणाऱ्या घरातला आहे.

शहापूरची सून

तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्याकडं डाळ होती, तरी मी ती वाढवली नाही, नुसता भात काढून घेतला. ती चूक कागदाची नाही, माझी.

पण वाद फक्त परवडणाऱ्या घरातला आहे असं नाही. तुमच्या आईंना उद्या असाच कागद मिळाला आणि त्यांनीही शिजलेला मोजला तर? ज्या घरात भाताशिवाय दुसरं काही नाही तिथं हा एक शब्द चुकणं जास्त महागात पडेल.

खानापूर, बीपीएल कार्ड

हे मान्य आहे. आईच्या कागदावर 'भात कमी' एवढंच लिहिलंय. कशापेक्षा कमी, तेही नाही.

शहापूरची सून

आज डब्याचं वजन केलं. आमच्या तांदळाचा आकडा 2.6 आला, म्हणजे मामांचा भात 156 ग्रॅम. शिवाय घट्ट वरण आणि मेथीची भाजी. चार वाजता साखर 118 होती. सोमवारी तपासणी आहे. कागदावर 'कच्चे तांदूळ' असं लिहून घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

निपाणीचा

शेजारी 'शिजून 156' हेही लिहून घ्या. तुम्ही घरात नसाल त्या दिवशी वाढणारा ताटच बघणार आहे.