मदत हवी आहे: सिंकचा भिंतीतला जुना नळ अजिबात हलत नाही

पुण्यात वाघोलीला फ्लॅट, साधारण २० वर्षं जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) लाइन, वापराला बोअरचं पाणी. सिंकवरचा पितळी नळ थेट भिंतीत बसवलेला आहे, अर्धा इंची. बुडाशी क्षाराचं पांढरं कडं जमलंय. गंज सोडवणारा स्प्रे दोनदा मारला, १० इंची पान्याने जोर लावला, तरी ढिम्म. जोर वाढवला तर आतला एल्बो (नळ ज्यात बसतो तो पाइपचा कोपरा) फुटेल का? फरशी न फोडता नळ काढायचा आहे.

प्रतिसाद १

स्प्रे तेलकट असतो, त्याने क्षार विरघळत नाही. पांढरं व्हिनेगर घ्या. कापसाची जाड वात त्यात भिजवून नळाच्या बुडाशी गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि रात्रभर ठेवा. ओटा कडप्प्याचा असेल तर खाली पातेलं ठेवाच. कडप्पा म्हणजे चुनखडीच, व्हिनेगर ठिबकलं की पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

सकाळी १४ इंची पाइप पाना नळाच्या अंगावर, भिंतीला होईल तितका जवळ लावा. तोटीला धरून फिरवू नका, मधेच मोडते. आधी केसभर आवळा, मग सोडवा, पुन्हा आवळा. 'टक्' असा आवाज आला की क्षार तुटला. झटके नकोत, दाब संथ ठेवा.

पाना फिरतोय पण नळ भिंतीतून बाहेर सरकत नाही, किंवा फटीतून सिमेंटची भुकटी पडतेय, तर तिथेच थांबा. म्हणजे नळासोबत एल्बोही फिरतोय. मग मात्र एक फरशी काढून दुसऱ्या पान्याने एल्बो धरण्याला पर्याय नाही. चार इंचांची फरशी परवडते, भिंतीच्या आत गळती परवडत नाही.

प्रतिसाद २

वरचं बरोबर. एक भर घालतो: बरेच जण गॅसच्या टॉर्चने नळ तापवून गरम असतानाच फिरवतात. पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि इथे पितळ आत, लोखंड बाहेर. म्हणजे गरम असताना पकड उलट घट्ट होते. तापवायचंच तर पूर्ण गार होऊ द्या, मग फिरवा. आत सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) असेल तर टॉर्च जवळही नेऊ नका.

नळ मोडून आटे आतच राहिले तर घाबरू नका. हॅक्सॉचं सुटं पातं आत घालून, एक सेंटिमीटर अंतरावर दोन उभ्या चिरा पाडा. भुकटी पिवळी असेतो पितळ कापलं जातंय, करडी दिसली की हात थांबवा, एल्बोचे आटे लागले. मधला तुकडा बारीक छन्नीने आत वाकवला की उरलेलं कडं सुटतं. तयार एक्स्ट्रॅक्टर (अडकलेले आटे काढायचं हत्यार) हवा असेल तर पुण्याच्या बोहरी आळीत विचारा.

धागाकर्ता

धन्यवाद. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनही नळाला बारीक धार येते. चालेल का?

प्रतिसाद १

जुन्या गेट व्हॉल्व्हचं हेच दुखणं, आतली पाणी अडवणारी चकती (गेट) पूर्ण बसत नाही. बारीक धारेत काम होतं. खालच्या पातळीवरचा एखादा नळ उघडा ठेवा. अर्धा इंची प्लग टेफ्लॉन गुंडाळून आधीच हाताशी ठेवा, नळ निघाला की लगेच तो बसवता येतो. शक्यतो गुरुवार टाळा. महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुधा त्याच दिवशी. त्यात टाकी रिकामी झाली तर अख्खी इमारत तुमच्या नावाने बोटं मोडेल.

नवा नळ बसवण्याआधी एल्बोतली जुनी सुतळी आणि सफेदा (गळती थांबवायला लावलेला पांढरा लेप) तारेच्या ब्रशने साफ करा, आणि अर्धी बादली पाणी सोडून गंजाचे खवले वाहू द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी नळाची जाळी तुंबते. टेफ्लॉनचे १० ते १२ वेढे द्या, आटे तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. नळ सरळ आणताना पुढे गेला तर मागे फिरवू नका, तिथूनच गळतो. काढून पुन्हा टेफ्लॉन लावा.